घर विकू नका, आधी चुना कालवा

लवासात दासवेला गेलात की तळ्याकाठी रंगीत इमारतींची रांग दिसते. इटलीच्या पोर्टोफिनोची नक्कल. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवलं, ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अर्धवट सांगाडे मागे राहिले.

आता मुळशीत दुसरा धंदा जोरात आहे. जुनं दगडी घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, होमस्टे काढायचा. पडायला आलेलं घर उभं राहतंय, याला माझा विरोध नाही. पण काम कसं होतंय ते बघा की! जुन्या भिंतीच्या सांध्यात चुना नाहीतर माती असते. ती ओल घेते, तशी सोडतेही. बिल्डर त्यावर सरळ सिमेंट थापतो. फोटोत झकास दिसतं. पण मुळशीचा पाऊस काय असतो ते आपल्याला माहीत आहे. ओल आत कोंडते, पोपडे धरतात, भिंतीतलं लाकूड कुजतं.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा, त्याच्या हाताखाली गावातली दोन पोरं द्या. दोन, घर विकू नका, मुदतीच्या कराराने भाड्याने द्या. दुरुस्तीचा खर्च करारात लिहून घ्या.

जमीन गेली की माणूस आपल्याच गावात पाहुणा होतो, हे या तालुक्याने एकदा बघितलंय. आता जोतं तरी आपल्या नावावर राहू द्या.