पायी येणारा गिऱ्हाईक आणि मोबाईल अ‍ॅप

गेल्या महिन्यात अभियांत्रिकी शिकणारी दोन मुले आमच्या दुकानात आली. पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी मोबाईल अ‍ॅप तयार करावयाचे आहे, व्यापाऱ्यांनी मदत करावी, असे त्यांचे म्हणणे होते. शेजारचे दुकानदार हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. त्याचे कारण सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी ईदच्या गर्दीत आम्ही कापडाच्या गाठी फुटपाथवर रचल्या होत्या. आमच्या एक वृद्ध गिऱ्हाईक बाई त्या चुकवण्यासाठी रस्त्यावर उतरल्या आणि मोटारसायकलची धडक बसून त्यांचा पाय मोडला. दोष मोटारसायकलवाल्याला दिला गेला. गाठी कोणाच्या, हे कोणी विचारले नाही. आम्ही स्वतःला आजही विचारतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, चालण्यायोग्य फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. आमच्या मापात जेमतेम दोन वार! महाद्वार रोडवर किंवा लक्ष्मीपुरीत हे दोन वार किती ठिकाणी सापडतील?

अ‍ॅपचा उपयोग नक्कीच आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या सेफ्टीपिन या अ‍ॅपमध्ये उजेड, वर्दळ, चालण्याची वाट अशा गोष्टी पाहून त्या जागेला गुण दिले जातात. कोल्हापुरातही उघडे गटार, बंद दिवा, अडलेला फुटपाथ यांचे फोटो जागेसह नोंदवता येतील. परंतु मुलांना आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. अ‍ॅप मराठीत आणि उर्दूत बोलणारे असावे, कारण आमचे अनेक कारागीर वाचण्यापेक्षा ऐकणे पसंत करतात. रस्ता ओलांडणाऱ्याला पडद्याकडे पाहायला लावू नये. आणि तक्रार महापालिकेत कोणाकडे गेली, कोणत्या तारखेला मिटली, हे सर्वांना दिसावे. नाहीतर ती वही लिहिली जाईल, वसुली मात्र होणार नाही.

चौथी गोष्ट मुलांसाठी नाही, आमच्या व्यापारी बंधूंसाठी आहे. अ‍ॅप आपला पुतळा, आपली फळी, आपल्या गाठी उचलून आत ठेवणार नाही. फुटपाथ मोकळा केला तर धंदा बसेल, असे पुष्कळांना वाटते. पुण्याचा लक्ष्मी रोड ही कापडाची मोठी पेठ. तेथे २०२१ पासून ११ डिसेंबरला रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होऊ लागला. भरधाव गाडीतला माणूस आपल्या दुकानाकडे पाहतसुद्धा नाही. थांबतो, कापडाला हात लावतो, भाव करतो, तो पायी येणाराच.

रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच भाग आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती पाळण्यासाठी अ‍ॅपची वाट पाहण्याची गरज नाही. मुलांना आम्ही सांगितले, पहिला फोटो आमच्याच दुकानासमोरचा काढा. त्या दिवशी सकाळी आम्ही गाठी आत घेतल्या होत्या.