मुलांचा रविवार आणि संविधानाचे कलम १५

मे महिन्याची सुट्टी लागली की 'मुलांना मुंबईत कुठे न्याल?' अशा याद्या वर्तमानपत्रांतून छापून येतात. वॉटरपार्क, मॉलमधल्या खेळनगऱ्या, पेंग्विन, सगळे त्यात असते. पण कोणाच्या मुलांना, हा प्रश्न त्या याद्या करणाऱ्यांना पडत नाही. गोवंडी, धारावी, विक्रोळीच्या वस्त्यांतील सफाई कामगाराच्या, नाका कामगाराच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलांनाही सुट्टी लागलेलीच असते.

आरक्षण, ॲट्रॉसिटी, शिष्यवृत्ती असे प्रश्न समोर असताना बागबगिच्यांची चर्चा कशाला, असे आपल्यातलेच काही जण म्हणतील. त्यांनी आपलाच इतिहास आठवावा. १९२३ च्या बोले ठरावाने पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा असे सांगितले. तो ठराव कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला जावे लागले. सार्वजनिक जागा सर्वांची आहे, हेच चवदार तळ्यावर सिद्ध करायचे होते. पुढे संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये तोच लढा कायदा झाला. विहिरी, तलाव, रस्ते यांच्यासोबत त्या कलमात सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांचाही स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून तिथे कोणालाही अडवता येत नाही.

पैशाच्या कारणावरून मात्र अडवता येते. त्यात कायदा मोडत नाही. जातीने बंद केलेला दरवाजा संविधानाने उघडला. आता त्याच दरवाज्यावर तिकीट खिडकी बसली आहे. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. ती विसंगती पाहायला फार लांब जायला नको, भायखळ्याला जावे.

भायखळ्याची राणीची बाग ही गिरणगावातल्या कामगारांची बाग. मोठ्यांना ५ रुपये आणि मुलांना २ रुपये असे तिथले तिकीट होते. म्हणजे आईवडील आणि दोन मुले १४ रुपयांत आत जात. २०१७ मध्ये पेंग्विन पाहायला खुले झाले आणि त्याच वर्षी याच चौघांचे तिकीट १०० रुपये झाले. सात पटींहून अधिक! मॉलमध्ये जाणाऱ्याला १०० रुपये म्हणजे काहीच नव्हे. रोजंदारीवर घर चालवणाऱ्याला मात्र खिसा चाचपावा लागतो. त्यात ९ मे २०२५ पासून, म्हणजे ऐन सुट्टीत, बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले. अशा घरात 'पुढच्या महिन्यात जाऊ' असे सांगितले जाते आणि तो पुढचा महिना येत नाही.

प्राण्यांच्या देखभालीला खर्च येतो, हे महापालिकेचे उत्तर असते. खर्च येतो, हे मान्य. पण २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या महापालिकेला तो गरिबाच्या पोरांकडूनच वसूल करावा लागतो काय?

आता खरी कसोटी पुढे आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. आजवर श्रीमंतांच्या घोड्यांसाठी राखलेली ही जमीन खऱ्या अर्थाने लोकांची होणार, की फाटकावर पुन्हा तिकीट खिडकी आणि आत कंत्राटदाराचे उपाहारगृह उभे राहणार? हे ठरण्याआधी बोलले पाहिजे. बोलल्याने फरक पडतो. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले होते. नागरिकांनी आवाज उठवल्यावर त्याला स्थगिती मिळाली. त्या आवाजात आपल्या वस्त्यांचा आवाज किती होता, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. राणीच्या बागेत महिन्यातला किमान एक रविवार सर्वांना विनामूल्य असावा. रेसकोर्सच्या उद्यानाला कधीही प्रवेश शुल्क असू नये. शाळेच्या सुट्ट्यांत मुलांना बेस्टचा प्रवास मोफत असावा.

आणि मागण्या करतानाच, जे आज खुले आहे ते आपण वापरतो काय? बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावे दगडात कोरलेली आहेत, भिक्खूंनी पाणी साठवलेली टाकी आहेत. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर वेगळे तिकीट लागते, पण लेण्यांसाठी पुरातत्त्व खात्याचे तिकीट १५ वर्षांखालील मुलांना लागत नाही. गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ पासून विनामूल्य खुला आहे. धारावीला लागून, जिथे कचऱ्याचे डोंगर होते तिथे, ३७ एकरांचे निसर्ग उद्यान उभे आहे. परळची बीआयटी चाळ, हिंदू कॉलनीतले राजगृह आणि चैत्यभूमी ही तर एका दिवसाची सहल. ६ डिसेंबरच्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेल्या मुलाला काही पाहता येत नाही, काही विचारता येत नाही. एखाद्या साध्या रविवारी त्याला तिथे न्या, त्याचे प्रश्न ऐका.

प्रत्येक बुद्धविहाराने सुट्टीत वस्तीतल्या मुलांची एक सहल काढावी. वर्गणी काढून एका बसचे भाडे जमवणे आपल्याला अशक्य नाही. जयंतीला आपण याहून कितीतरी अधिक जमवतो. हे शहर आपल्या आजोबा-पणजोबांनी गिरण्यांत, गोदीत, गटारांत राबून उभे केले. आपली मुले त्यात पाहुण्यासारखी वाढता कामा नयेत.