बागुलबुवाला गुदगुल्या

मागच्या दिवाळीत इंदूरला धाकट्या बहिणीकडे गेले होते. चार वर्षांचा भाचा ताटातला वरणभात नुसता चिवडत बसला होता आणि बहीण फराळाच्या गडबडीत होती. शेवटी मीच आवाज घोगरा करून म्हटलं, ‘‘पटापट जेव हं, नाहीतर बागुलबुवा येईल. बघ, बाथरूममध्येच बसलाय!’’ पाच मिनिटांत ताट स्वच्छ. मी विजयी मुद्रेने बहिणीकडे पाहिलं.

त्या विजयाची किंमत रात्री कळली. भाचा बाथरूमकडे पाऊल टाकायला तयार होईना. पहाटे गादी ओली. मी परतल्यावर पंधरा दिवसांनी बहिणीचा फोन आला, ‘‘ताई, तुझा बागुलबुवा अजून इथेच मुक्कामाला आहे. येऊन घेऊन जा त्याला.’’ मुलांविषयी चार शहाणपणाच्या गोष्टी लिहिणारी मी, अगदी ओशाळून गेले.

पुन्हा इंदूरला गेले तेव्हा बॅगेत एक चित्रपुस्तक होतं. अमेरिकन लेखक-चित्रकार मॉरिस सेंडॅक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. १९६३ साली निघालेलं हे पुस्तक जेमतेम साडेतीनशे शब्दांचं. मॅक्स नावाचा मुलगा लांडग्याचा पोशाख घालून घरात धुडगूस घालतो. आई रागावते आणि न जेवता झोपायला पाठवते. तेवढ्यात खोलीतच रान उगवतं, होडी येते आणि मॅक्स जाऊन पोहोचतो राक्षसांच्या बेटावर. ते दात खातात, नखं दाखवतात. पण मॅक्स त्यांच्या पिवळ्या डोळ्यांत डोळे घालून टक लावून बघतो, पापणीही लववत नाही. झालं! राक्षसच घाबरतात आणि त्याला राजा करतात.

हे राक्षस तरी कसे? शिंगं आहेत, सुळे आहेत, पण चेहरे सगळे बावळट! मुखपृष्ठावर जो डुलक्या घेत बसलाय, त्याचे पाय तर चक्क माणसाचे. भाच्याने तेच आधी हेरलं. ‘‘मावशी, याची चप्पल कुठाय?’’ असं म्हणून तो खुदकन हसला. बागुलबुवाच्या विषयावर तो किती दिवसांनी हसत होता!

या राक्षसांच्या जन्माची कथाही गमतीची आहे. सेंडॅक यांच्या मनात आधी घोड्यांचं पुस्तक होतं, पण घोडे काही नीट जमेनात. मग त्यांना आठवले आपले काका, मामा, मावश्या. ब्रुकलिनमध्ये त्यांच्या लहानपणी ही मंडळी रविवारी जेवायला यायची, गालगुच्चे घ्यायची आणि ‘खाऊनच टाकावंसं वाटतं’ म्हणायची. पोराच्या डोळ्यांना त्यांचे वेडेवाकडे दात आणि नाकातले केस तेवढे दिसायचे. तेच राक्षस होऊन पुस्तकात उतरले. वाचून मी हळूच आरशात पाहिलं. बागुलबुवाला बाथरूममध्ये बसवणारी मावशी कुणाच्या पुस्तकात कशी दिसेल?

पुस्तकाला १९६४ साली अमेरिकेतलं मानाचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. तरी मुलं घाबरतील म्हणून काहींनी नाकं मुरडली. बालमनावर लिहिणारे ब्रूनो बेटलहाइम यांनी तर १९६९ साली पुस्तक स्वतः न वाचताच त्यावर टीका केली. आईने उपाशी झोपायला पाठवणं हीच मुलाच्या दृष्टीने मोठी भीती, असं त्यांचं म्हणणं.

त्यात तथ्य नाही असं नाही. पण भीती मुलाच्या मनात पुस्तकाआधीच असते. प्रश्न एवढाच, की राक्षस कुणाच्या ताब्यात आहे? आपल्या घरी बागुलबुवा मोठ्यांचा नोकर असतो. जेवत नाही, बोलव त्याला. झोपत नाही, बोलव त्याला. मग काम झालं की आपण त्याला विसरतो आणि मूल मात्र अंधारात त्याच्याजवळ एकटं राहतं. सेंडॅक यांच्या पुस्तकात मुकुट मुलाच्या डोक्यावर आहे. आरडाओरडा सुरू करायचा हुकूम त्याचा आणि थांबवायचाही त्याचाच. शेवटी त्याला घरची आठवण येते. परत येऊन पाहतो तर खोलीत जेवण वाढून ठेवलेलं, अजून गरम! म्हणजे आई रागावली होती, पण दूर गेली नव्हती.

हे पुस्तक वाचून दाखवाल तर एक करा. मधे सहा पानं नुसती चित्रांची आहेत, शब्द एकही नाही. तिथे तुम्ही गप्प बसा, मुलाला मनसोक्त ओरडू द्या. पुस्तक नसलं तरी पाटी-पेन्सिल पुरते. आम्ही पाटीवर बागुलबुवा काढला. भाच्याने त्याला तीन कान, ढेरी आणि आजोबांचा चष्मा दिला. मग ओल्या फडक्याने हवा तेव्हा पुसला, हवा तेव्हा पुन्हा काढला.

जादू काही झाली नाही. बाथरूमचा दिवा अजून लावावाच लागतो. पण निघताना मी त्याची माफी मागितली, ‘‘बागुलबुवा मीच खोटाखोटा आणला होता रे.’’ त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, ‘‘असू दे मावशी. मी त्याला बाहेर उभं केलंय, टॉवेल धरून.’’