योजना दीर्घ, आयुष्य तोकडे

वाचकहो, फराळाचे ताट पुढे असताना कडू घास भरवू नये, हे मला कळते. पण ‘दीर्घ मुदतीची योजना’ हे शब्द कानी पडले की माझे पित्त खवळते, त्याला इलाज नाही. आमच्याकडे या शब्दांचा अर्थ एवढाच, की आजोबाने मागणी करावी, मुलाने वाट पाहावी आणि उद्‌घाटनाचा पेढा नातवाने खावा!

हवेत बोलत नाही. मराठवाड्याचाच दाखला देतो. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर)–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला. त्यावर आष्टीपर्यंत, म्हणजे जेमतेम ६६ किलोमीटर, प्रवासी गाडी धावली ती २०२२ साली. बीडला गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे! आणि त्या दिवशीही परळी दूरच होती.

आता कोकणाकडे पाहा. तेथे १९९० साली रेल्वेचे महामंडळ निघाले. जॉर्ज फर्नांडिसांनी पाठबळ दिले, श्रीधरन यांनी काम अंगावर घेतले. नव्वदांहून अधिक बोगदे खणावे लागले. एकटा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. तरी ७४१ किलोमीटरचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पुरा खुला झाला. मग बीडच्या वाटेत असा कोणता सह्याद्री आडवा आला होता?

जमिनी मिळेनात, असे उत्तर येईल. अहो, कोकणातल्या जमिनी काय आकाशातून पडल्या? तेथेही लोकांची शेते-बागा गेल्याच. खरा फरक आहे तो पैशाचा आणि धनीपणाचा. कोकणासाठी रोखे काढून पैसा उभा केला आणि कामाला एक धनी दिला. बीडचा खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. आणि दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण काही उगीच पडलेली नाही. साडेतीनशे कोटींच्या आसपासचे काम ४,८०० कोटींच्या वर गेले. महागाई वजा केली तरी जे उरते, ती दिरंगाईची दक्षिणा! ती तुमच्या-माझ्या खिशातून गेली.

दुसरा आक्षेप शहाण्यांचा: तिकडे गाडी परवडेल का? विहीर खणण्यापूर्वीच ‘इथे पाणी भरायला कोण येते?’ असे विचारण्यातला हा प्रकार. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयते घेऊन, पोरेबाळे ट्रक-ट्रॅक्टरांत घालून ऊसतोडीला बाहेर पडतात. रूळ पडले की दुसऱ्या दिवशी त्यांचे कोयते खाली पडतील, असे मी म्हणत नाही. पण रूळच नसतील तर माल स्वस्तात बाहेर कसा जावा, आणि त्यांच्या दारी धंदा कोणी काढावा? १९९५ साली जन्मलेले पोर आज तिशी ओलांडून बसले आहे. त्याच्या ऐन उमेदीची ही वर्षे कोणत्या अर्थसंकल्पात भरून मिळणार?

म्हणून माझे मागणे सरळ आहे. हातातला मार्ग पुरा झाल्याखेरीज नव्या सर्वेक्षणाचा नारळ फोडू नका. प्रत्येक मार्गाला पैसा एकरकमी बांधून द्या, एक जबाबदार माणूस नेमा आणि पुरे होण्याची तारीख छापा. ती चुकली तर का चुकली, हे दरवर्षी विधिमंडळात उभे राहून सांगा. नकाशे रंगवण्याची हौस पुष्कळ झाली. नकाशावरच्या रेघेत बसून आजवर कोणी गावाला पोचलेला नाही!