चांदण्या काढायच्या कशा?

परवा आमच्या चौथीत चित्रकलेचा तास होता. विषय, रात्र. एकीने अख्खा कागद निळा-काळा रंगवला आणि रडवेली होऊन म्हणाली, "बाई, पांढरा रंगच संपला! आता चांदण्या कशा काढू?"

मला जपानचा हिरोशिगे आठवला. १८५७ साली त्याने एदोजवळची, म्हणजे आजच्या टोकियोतली, वर्षाची शेवटची रात्र चितारली. झाडाखाली जमलेले कोल्हे आणि वर चांदण्यांचं आकाश. कर्जतला वीज गेली की अंगणातून दिसतं ना, अगदी तसं!

हे चित्र लाकडी ठशांनी छापलेलं. आपण भेंडीचे ठसे उमटवतो तसंच, फक्त रंगागणिक ठसा वेगळा. चित्रकार चित्र काढून देई, कोरणारा आणि छापणारा कारागीर निराळा. (नाव मात्र चित्रकाराचंच गाजलं!) अशा छपाईत जिथे लाकूड कोरून काढलं, तिथे रंग लागत नाही. कागद कोरा राहतो. तीच चांदणी!

दुसऱ्या दिवशी ती अर्धा बटाटा घेऊन आली. खिळ्याने त्यात खड्डे टोकरले, निळा रंग लावला आणि दाबला कागदावर. आकाश जरा फरकाटलं, पण चांदण्या मोजून सात उमटल्या. वर्ग ओरडला, "बाई, सप्तर्षी!"