जयसिंगपुरात इलेक्ट्रिक स्केटबोर्ड बनवता येईल, पण तो चालवायचा कुठे?

दिवाळीत मामेभावाने एक रील पाठवली. परदेशातला कुठलातरी गुळगुळीत रस्ता, पायाखाली पातळ फळी, हातात छोटा रिमोट आणि पोरगा उभ्या उभ्या स्कूटरच्या वेगाने चाललाय. खाली भावाचा मेसेज : "ताई, हे आपल्याकडं बनवता येईल काय?"

भाऊ जयसिंगपूरचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी दोन दिवसांत शोधलं. येतं बनवता. पण त्यातून दुसरा प्रश्न निघाला, की बनवल्यावर हे रस्त्यावर चालवता येतं का? त्याचं उत्तर शोधायला मोटार वाहन कायदा उघडावा लागला, आणि तिथे जे सापडलं ते स्केटबोर्डची हौस असलेल्या प्रत्येकाने आणि त्याच्या आईबापाने वाचावं असं आहे.

आधी बनवण्याचं बघू.

डेक म्हणजे नुसती फळी नाही

स्केटबोर्डवर आपण ज्यावर उभे राहतो तो डेक. साध्या बोर्डात तो बहुतेक वेळा मेपल लाकडाच्या सात पातळ थरांचा असतो. थर एकमेकांना चिकटवून साच्यात दाबतात, म्हणजे कडा किंचित वर येतात आणि पाय घट्ट बसतो.

इलेक्ट्रिक बोर्डात याच फळीवरचं काम वाढतं. तीच चासी, तीच सीट, तोच शॉकअॅब्सॉर्बर. शिवाय पोटाखाली बॅटरी आणि कंट्रोलरचा डबा. इथेच डिझाईनची खरी ओढाताण सुरू होते. रस्ता खराब असेल तर डेक लवचीक हवा, नाहीतर प्रत्येक दणका थेट गुडघ्यात. पण डेक वाकला की खाली लावलेली बॅटरीही वाकायला बघते. सेल एकमेकांना निकेलच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. रोज हजार वेळा वाकलेला जोड एक दिवस तुटतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे घासून शॉर्ट होतो. म्हणून अनुभवी लोक दोनच वाटा धरतात. एक, डेक कडक ठेवायचा आणि दणके हवा भरलेल्या मोठ्या चाकांवर सोडायचे. दोन, डेक लवचीक ठेवायचा, पण बॅटरीचे तुकडे करून ते मऊ, जाड वायरने जोडायचे. आणि वायर लपवायला डेकमध्ये खोल खाच पाडायची नाही. दिसायला छान दिसतं, पण फळी तिथूनच चिरते.

आपल्याकडे मेपल नाही. बांबू आहे. सिंधुदुर्गात माणगा नावाचा बांबू होतो, तो आतून जवळजवळ भरीव असतो. त्याच्या पट्ट्या काढायच्या, वाळवायच्या, भुंगा लागू नये म्हणून प्रक्रिया करायची, चिकटवून दाबायच्या आणि खाली-वर ग्लास फायबरचा थर द्यायचा. बांबूपासून फर्निचर आणि बांधकामाचं सामान बनवण्याचं काम कुडाळचं कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर बऱ्याच वर्षांपासून करतंय. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं आणि नेणंही सोपं झालं. बांबूचा डेक ही काही देशी जुगाडाची गोष्ट नाही. इलेक्ट्रिक स्केटबोर्ड जगभर प्रसिद्ध करणाऱ्या अमेरिकेतल्या बूस्टेड कंपनीचे सुरुवातीचे बोर्ड बांबूच्याच डेकवर होते. (ती कंपनी २०२० मध्ये बंद पडली आणि महागडे बोर्ड घेतलेले लोक स्पेअर पार्ट शोधत बसले. स्वतः बनवणाऱ्यांची संख्या वाढायला असल्या गोष्टीही कारण असतात.)

बाकीचं काम तर कोल्हापूर जिल्ह्याच्या हातचा मळ. चाकांचे ॲल्युमिनियमचे ट्रक, मोटर बसवायच्या प्लेटा, पुल्या, हे सगळं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि इचलकरंजीच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमध्ये होण्यासारखं आहे. ज्या राउटरवर दरवाजांची नक्षी निघते त्यावर डेकचा आकारही निघतो. मोटर कंट्रोलरचं डिझाईन बेंजामिन वेडर या स्वीडिश इंजिनिअरने केव्हाच सगळ्यांसाठी खुलं केलंय.

राहिली बॅटरी.

बॅटरी घरात चार्ज होते, हे लक्षात घ्या

नेहमीचा ३६ व्होल्टचा पॅक म्हणजे दहा सेल एकापुढे एक आणि अशा चार ओळी. एकूण चाळीस सेल, सुमारे ३६० वॉट-तास ऊर्जा. तुलना करायची तर विमानात परवानगी घेऊनही जास्तीत जास्त १६० वॉट-तासांची सुटी बॅटरी नेता येते. त्याच्या दुप्पट ऊर्जा आपण कॉटखाली चार्जिंगला लावतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच वर्षी पुण्यात आणि नाशकातही इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या होत्या. या घटनांनंतर केंद्राने दुचाकींच्या बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. सेल, बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, चार्जर, एका सेलची आग दुसऱ्याला लागते का, सगळं तपासायचं ठरलं.

आता विचार करा, या चाचण्या कोणाला लागू? मंजुरी घेऊन विकल्या जाणाऱ्या वाहनांना. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून घरी स्पॉट वेल्डिंग केलेल्या पॅकला कोण तपासणार? कोणीच नाही. भावाला मी पहिली अट हीच घातली. वेगवेगळ्या वयाचे जुने सेल एकत्र करायचे नाहीत, सर्किटशिवाय पॅक बांधायचा नाही, आणि चार्जिंग झोपायच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेवर करायचं नाही. आग लागली तर पळायला दार मोकळं पाहिजे.

कायद्याच्या डोळ्यांना हा खेळ दिसतच नाही

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहन' म्हणजे काय ते सांगितलंय. रस्त्यावर वापरण्याजोगं, यंत्राच्या बळावर चालणारं कुठलंही वाहन. अपवाद थोडेच : रुळांवर चालणारं, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेलं विशेष वाहन, आणि चारपेक्षा कमी चाकं असून इंजिन २५ सीसीपर्यंत असलेलं.

तिसरा अपवाद पुन्हा वाचा. चारपेक्षा कमी चाकं. स्केटबोर्डला चाकं किती? चार! म्हणजे हा अपवाद मोजायलाही घेता येत नाही. १९८८ साली कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर लुना-मोपेड असणार, फळीवर उभा पोरगा नसणार, हे उघड आहे. पण शब्द आहेत ते आहेत.

इथे बरेच जण म्हणतात, अहो, २५० वॅटच्या आत असलं की लायसन्स लागत नाही ना? अर्धं खरं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम २(यू) नुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर बॅटरीवर चालणारं वाहन 'मोटार वाहन' समजलं जात नाही. पण त्याच वाक्यात एक अट आहे, जी दुकानदार सांगत नाहीत. या गोष्टी नियम १२६ खालच्या चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेल्या हव्यात. अशा संस्थांपैकी एक आपल्या पुण्यात आहे, एआरएआय. म्हणजे "माझी मोटर २४० वॅटची आहे" असं तुम्ही म्हणून चालत नाही, ते संस्थेने म्हणावं लागतं. आणि ही सगळी व्यवस्था एकसारखी हजारो वाहनं काढणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. एकच बोर्ड बनवणाऱ्या पोराने तिथे काय घेऊन जायचं?

हा नियम कागदावरच राहतो असंही नाही. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तालयाने आरटीओंना आदेश दिले होते, की मंजुरी नसलेल्या किंवा विकताना परस्पर शक्ती आणि वेग वाढवलेल्या ई-बाईकवर कारवाई करा. स्केटबोर्ड त्यात नव्हता, पण तत्त्व तेच.

त्यात तांत्रिक गोची वेगळी. २५० वॅटमध्ये सपाट रस्ता आरामात कापता येतो. पण माणूस आणि बोर्ड मिळून ८० किलो धरा, शंभर मीटरला पाच मीटर उंची वाढणारा चढ धरा, की गणिताने वेग ताशी वीसच्या खाली येतो. जयसिंगपूर सपाट आहे, तिथे जमेल. पन्हाळ्याला विसरा. बाहेरून मागवलेल्या बऱ्याच बोर्डांना दोन मोटरी असतात आणि जाहिरातीत आकडा हजार वॅटच्या पुढे असतो. ते २५० च्या सवलतीत बसायचा प्रश्नच नाही.

मग हे मोटार वाहन ठरलं, तर नोंदणी करावी लागणार. आणि नोंदणी होऊ शकत नाही, कारण मंजूर मॉडेल नाही, चासी नंबर नाही, उभ्याने चालवायच्या फळीला वर्गच नाही. नोंदणी नाही म्हणून विमा नाही. चौकात पोलिसाने अडवलं तर ई-चलानच्या मशीनमध्ये नंबर कुठला टाकायचा, हा प्रश्न त्यालाही पडेल. ते हसण्यावारी नेता येईल. पण समजा, गल्लीतून वळताना एखाद्या आजींना धक्का लागला आणि हाड मोडलं. विमा कंपनी नसल्यामुळे भरपाई थेट घरातून जाणार.

आणि पोरगं अठराच्या आत असेल तर?

मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर 'मुलाने गाडी चालवली, वडिलांना अटक' ही गोष्ट घराघरात माहीत झाली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ तेच सांगतं. अल्पवयीनाने या कायद्याखाली गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, आणि मुलाला पंचविशी गाठेपर्यंत लायसन्स नाही. पालकाला माहीत नव्हतं किंवा त्याने पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध केलं तर सुटका आहे. पण वाढदिवसाला बोर्ड स्वतःच ऑर्डर करून दिलेल्या वडिलांनी "मला माहीत नव्हतं" कसं म्हणायचं?

कोणी म्हणेल, खेळण्यावर एवढा बडगा? पटतं मला. आठवीतल्या मुलाचा स्केटबोर्ड आणि भरधाव कार यांना एकाच फुटपट्टीने मोजणं बरोबर नाही. पण फरक करणारी ओळ कायद्यात कोणी लिहिलेलीच नाही, ही अडचण आहे.

इतरांनी लिहिली आहे. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून इलेक्ट्रिक बोर्डला वेगळा वर्ग दिला : वय किमान १६, हेल्मेट सक्तीचं, मोटर हजार वॅटच्या आत, रस्त्यावर वेग ताशी १५ मैलांपर्यंत. जर्मनीने २०१९ मध्ये ई-स्कूटरला परवानगी दिली, पण धरायला दांडा पाहिजे अशी अट घातली, त्यामुळे स्केटबोर्ड बाहेर राहिला. ब्रिटनमध्ये तो सार्वजनिक रस्त्यावर आणि फुटपाथवर चालत नाही, खासगी जागेत चालतो. तिन्हींची उत्तरं वेगळी, पण तिथल्या पोराला निदान माहीत आहे की आपण कुठे उभे आहोत. आपल्याकडे इलेक्ट्रिक वाहन धोरण म्हटलं की चर्चा दुचाकी, रिक्षा, कार आणि बसच्या सवलतींवर सुरू होते आणि तिथेच संपते.

रस्ताही बघा जरा

कायदा उद्या बदलला तरी कोल्हापूर-सांगली रस्ता बदलणार नाही. हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, अर्धा रस्ता व्यापून. चोकाक ते अंकली टप्प्याच्या भूसंपादनाचा मोबदला हा इथला मोठा वाद ठरला. मोठ्या गाड्यांनाच जागा पुरत नाही तिथे दहा सेंटिमीटरच्या चाकाने कुठे जायचं? रस्त्यावर पडलेलं उसाचं एक कांडं पुरे आहे. चाक अडतं, बोर्ड थांबतो, माणूस पुढे जातो. ताशी २५ च्या वेगात धोका दिसून ब्रेक लागेपर्यंतच सात मीटर गेलेले असतात.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे साध्या स्केटबोर्डवर निघालेला केरळचा तरुण हरियाणात ट्रकच्या धडकेत गेला. त्याच्याकडे मोटर नव्हती, अनुभव भरपूर होता.

मग राहतो तो कलम २(२८) मधला दुसरा अपवाद, बंदिस्त आवार. मोठ्या कारखान्यात या टोकापासून त्या टोकाला जाणारे लोक असतात, गोदामं असतात, कॉलेजांचे कॅम्पस असतात. तिथल्यासाठीच बनवलेला, तिथेच चालणारा बोर्ड हा या भागातल्या छोट्या वर्कशॉपना खरोखर करून बघण्यासारखा माल आहे. आवाराच्या मालकाची परवानगी आणि हेल्मेट मात्र पाहिजे. आणि फाटकाबाहेर रस्त्यावर आणला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

भावाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, "मोटरच नाही लावली तर?" त्यावर कायद्याला काही म्हणायचं नाही, कारण पायाने ढकललेली फळी यंत्राच्या बळावर चालत नाही. त्याने ग्लास फायबर लावलेला बांबूचा डेक बनवला आहे, बाजारातले साधे ट्रक आणि चाकं लावली आहेत, आणि सकाळी सहाला गल्लीत माणसं नसताना ढकलत असतो. खाली मोटरच्या प्लेटसाठी चार भोकं पाडून ठेवलीत. त्यात अजून बोल्ट नाहीत.