परत तिथंच का जातात?

"वेडी आहेत का ही माणसं? अख्खं गाव जळालं, तरी परत तिथंच घर बांधतायत!"

लेकीने मोबाइलवर दाखवलेला व्हिडिओ बघून मी पटकन बोलून गेले. सासूबाई शेजारी तूरडाळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अगं, पण त्यांचं शेत कुठाय?"

"तिथंच."

"मग जातील कुठं?"

मी गप्पच झाले.

तो व्हिडिओ फोगो बेटाचा होता. आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात केप व्हर्दे हा दहा बेटांचा छोटासा देश आहे. १९७५ पर्यंत तिथं पोर्तुगिजांचं राज्य होतं. त्यांच्या भाषेत फोगो म्हणजे आग! हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीच. त्याचं शिखर २,८२९ मीटर उंच. शिखराच्या पायथ्याशी कढईसारखं खोलगट पठार आहे आणि त्यात शां दास काल्देरास हे शेतकऱ्यांचं गाव. उंची म्हणाल तर साधारण आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढी.

तिथं नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं. पण जमिनीवरची काळी राख ओलावा धरून ठेवते. त्या राखेत खड्डे करून बायाबापडे द्राक्षवेली लावतात. ना मांडव, ना ठिबक. शिवाय कडधान्यं, अंजीर, डाळिंबं. केप व्हर्देमध्ये तूरसुद्धा पिकते, हे ऐकून सासूबाईंची कळी खुलली. कांडलेला मका आणि कडधान्यं तासन् तास शिजवून तिथल्या बायका 'काचुपा' करतात. रात्रीचा उरला की सकाळी कांद्यावर परतायचा. आपल्या फोडणीच्या भाकरीची बहीणच म्हणा ना!

२३ नोव्हेंबर २०१४ ला या गावाशेजारीच ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत धुमसत राहिला. हजारभर लोकांना वेळेवर बाहेर काढलं, त्यामुळे जीवितहानी झाली नाही. लाव्हा हळूहळू सरकत होता, म्हणून लोकांनी सामानच काय, घरांची दारं-खिडक्याही काढून नेल्या. मग पोर्तेला आणि बांगाएरा या गावाच्या दोन्ही वस्त्या जवळपास गाडल्या गेल्या. शाळा गेली, द्राक्षांपासून वाइन करणाऱ्या सहकारी संस्थेची इमारत गेली, कित्येकांची शेतंही गेली.

याआधी १९९५ मध्येही तिथं उद्रेक झाला होता. तेव्हा सरकारने डोंगराखाली घरं बांधून दिली होती. तरी पुष्कळ जण वर परतले. २०१४ नंतरही तेच झालं. थिजलेल्या लाव्हावरच लोकांनी पुन्हा भिंती उभारल्या. काही घरांची जमीन तर खालून गरम लागायची.

आता सांगा, सरकारचं काय चुकलं? माणसं वाचवली, छप्पर दिलं. तेवढं तर करायलाच हवं होतं. पण तिथले कित्येक पुरुष पोटासाठी परदेशात जातात आणि घर बाईच चालवते. तिचा संसार काय फक्त चार भिंतींत असतो? टाकीतलं पाणी, वेलींचे खड्डे, दारची शेळी, अडीअडचणीला धावणारी शेजारीण, हे सगळं नव्या घराच्या किल्लीबरोबर मिळत नाही.

सासूबाईंना हे कुणी सांगावं लागत नाही. त्यांचं माहेर धरणात गेलं. प्लॉट मिळाला, पण जमीन मिळाली ती दोन कोसांवर आणि खारपड. जन्मात कधी भाजी विकत न आणलेली त्यांची आई, पहिल्यांदा मेथीची जुडी विकत घेताना बाजारातच रडली होती.

म्हणून 'वेडी माणसं' हे माझे शब्द मी मागे घेते. अर्थात, परत जाणं फार शहाणपणाचं आहे, असंही मी म्हणणार नाही. तो ज्वालामुखी पुन्हा फुटणार, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण मग त्यांना हट्टी ठरवून वाऱ्यावर सोडायचं का? मला वाटतं, राहायचं पक्कं घर खाली असावं, शेतावर जायला धड रस्ता असावा आणि धोक्याची सूचना वेळेत मिळावी. शेत वर आणि आसरा खाली, अशी सोय का होऊ नये?

आपण जिला काळी आई म्हणतो, ती जमीनही साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासूनच झालेली आहे. मातीचा ओढा आपल्याला नवा नाही. तरीही गाव उठवायचं ठरलं की नकाशे निघतात, पंचनामे होतात, बैठका होतात आणि सह्या बहुतेक पुरुषांच्या असतात. बाईला विचारतं कोण?

मैत्रिणींनो, तुमच्या आसपास असं उठवून वसवलेलं एखादं गाव असेल, तर तिथल्या एखाद्या आजीजवळ जरा वेळ बसा. घर कसं आहे, हे विचारू नका, ते दिसतंच. आधी काय काय पिकवायचात, एवढंच विचारा. मग बघा, ती किती वेळ बोलते ते.